गिअरबॉक्स कुणाच्या हाती द्यावा?

चोर्ला घाटाच्या चढावर इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी ओढत नाही, वर जळका वास येतो. बहुतेक वेळा हे झिजलेल्या क्लच प्लेटचं लक्षण. आपल्यापैकी कित्येक बेळगावकरांची गोव्याची वाट याच घाटातून जाते आणि मागच्या सीटवर आई-बाबा, मुलं असतात. त्यामुळे दुरुस्ती कुणाकडे करायची, हा नुसता पैशाचा प्रश्न नाही.

एक फरक लक्षात ठेवा. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तो खोलावाच लागतो असं नाही. बिलात मात्र दोन्हींत मोठं अंतर पडतं. ‘खोलावा लागेल’ म्हणाले, तर का, ते विचारा.

आम्ही सॉफ्टवेअरवाले एरर मेसेजलाच निदान मानत नाही. स्कॅनरवरचा पी०७०० कोडही ‘ट्रान्समिशनच्या कंट्रोलमध्ये बिघाड’ एवढंच सांगतो. नेमका कुठे, ते बाकीचे कोड वाचून शोधावं लागतं. एएमटी गाडीत तर गिअरबॉक्स मॅन्युअलसारखाच असतो. क्लच आणि गिअर हलवायचं काम ॲक्च्युएटर करतो. दोष त्यातही असू शकतो.

म्हणून मी चार गोष्टी बघतो. मिस्त्री आधी स्वतः गाडी चालवून पाहतो का? खर्चाचा अंदाज लेखी देतो का? काढलेले पार्ट परत देतो का? बिलावर वॉरंटी लिहितो का? चकचकीत वर्कशॉप असो की गल्लीतलं गॅरेज, कसोटी तीच. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर चावी परत मागून घ्या.