धनादेश दिला, भाषा कोण देणार?

सणासुदीला कोणाला बोचेल असे लिहू नये, असा संकेत आहे. तो मोडल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. एका शिष्यवृत्ती-समारंभाला मी शिक्षक या नात्याने हजर होतो. एका कर्णबधिर मुलाला व्यासपीठावर बोलावून धनादेश दिला गेला. मग पाहुण्यांनी त्याच्या जिद्दीवर अर्धा तास भाषण केले. सभागृह गहिवरले, टाळ्या झाल्या. इतरांचे हात पाहून त्या मुलानेही वाजवल्या. आपले कौतुक झाले, हे त्याला कळलेच नव्हते. दुभाषी आणावा, असे आम्हां एकालाही सुचू नये!

मी शिष्यवृत्तीच्या विरुद्ध नाही. फीचे ओझे काय असते, हे मास्तराला कोणी सांगायला नको. केंद्र सरकारची दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती नववीपासून मिळते. २०१६च्या कायद्याने उच्च शिक्षणात निदान ५ टक्के जागाही राखल्या आहेत. उत्तम झाले. पण नववीपर्यंत पोचायचे कसे? मूल भाषा उचलते ते पहिल्या चार-पाच वर्षांत, घरात. आणि बहुतेक बहिरी मुले ऐकणाऱ्यांच्या घरी जन्मतात. तिथे हातांनी बोलणारे कोणी नसते. ही वर्षे कोरडी गेल्यावर पैसे देणे म्हणजे पेरणी चुकवून मळणीला माणसे लावणे होय.

कोणी म्हणेल, खुणा शिकवल्या तर मूल बोलायचा प्रयत्नच सोडील. ही भीती जुनी आहे. १८८० साली मिलानच्या परिषदेत शिक्षकांनी याच समजुतीने शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला, आणि त्याची शिक्षा मुलांच्या पिढ्यांनी भोगली. अहो, घरी मालवणी बोलणारे पोर शाळेत मराठी शिकतेच ना? एक भाषा दुसरीला खात नाही. उलट पहिली पक्की असली की दुसरीला आधार मिळतो.

भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०१५ साली दिल्लीत केंद्र निघाले, २०२०च्या शैक्षणिक धोरणातही तिला स्थान मिळाले. आता ती घराघरांत जायला हवी. आईबापांना ती शिकवण्यासाठी अनुदान द्या; वर्गातल्या दुभाष्याचे वेतन शिष्यवृत्तीतच धरा.

पुढच्या समारंभाचे निमंत्रण आले, तर मी आधी विचारीन : दुभाषी आहे काय? नसेल तर भाषण नको, हारतुरेही नकोत. तो खर्च वाचवून त्या मुलाच्या आईला खुणा शिकवा.