गाडी द्यावी की गाडीचे पैसे?

अमेरिकेत वर्ष सरत आले की रेडिओवर एक आवाहन वारंवार कानावर पडते. तुमची जुनी गाडी आम्हाला द्या, न्यायला आमचा ट्रक येईल, टोइंगचा खर्च आमचा, करसवलत तुमची. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या मराठी घरांतही आता हा प्रश्न येतो. दहा वर्षे चालवलेली मर्सिडीज दारात उभी असते, शेजारी नवी इलेक्ट्रिक गाडी आलेली असते आणि जुनीला डीलरने सांगितलेला भाव ऐकून मन खट्टू झालेले असते. एवढ्या कमी पैशांत विकण्यापेक्षा एखाद्या संस्थेला दिलेली काय वाईट, असा विचार मनात येतो. तो चांगलाच आहे. पण अशा दानातून संस्थेच्या हाती नेमके काय पडते, हे पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

या प्रश्नाला इतिहास आहे. २००५ पूर्वी दाता गाडीची बाजारातील किंमत स्वतःच ठरवी आणि तेवढी वजावट करात मागे. अमेरिकी संसदेच्या लेखातपासणी यंत्रणेने २००३मध्ये याची छाननी केली. २००० या करवर्षात सुमारे ७ लाख ३३ हजार करदात्यांनी गाड्यांच्या दानापोटी वजावट घेतली होती आणि त्यामुळे सरकारचा अंदाजे ६५ कोटी ४० लाख डॉलरचा कर बुडाला होता. तपासणीसाठी निवडलेल्या ५४ गाड्यांपैकी दोनतृतीयांश गाड्यांच्या बाबतीत, दात्याने दाखवलेल्या किमतीच्या ५ टक्के किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेला मिळाली होती. आवळा देऊन कोहळा काढण्याचाच हा प्रकार होता, आणि त्याची भरपाई इतर करदाते करत होते.

२००४च्या कायद्याने ही पळवाट बुजवली. आता संस्थेने गाडी ५०० डॉलरहून अधिक किमतीला विकली, तर साधारणपणे विक्रीतून जेवढे आले तेवढीच वजावट दात्याला मिळते. संस्थेने विक्रीनंतर ३० दिवसांत ‘१०९८-सी’ हा फॉर्म द्यायचा असतो आणि त्यावर विक्रीची रक्कम स्पष्ट लिहिलेली असते. आपली गाडी ‘निदान वीस हजारांची’ आहे असे आपण कितीही म्हटले, तरी फॉर्मवर नऊ हजार असतील तर हिशेब नऊ हजारांचाच.

तरीही गाडी देण्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. गाडी स्वतः विकणे कटकटीचे असते. जाहिरात द्या, फोटो काढा, अनोळखी माणसांना टेस्ट ड्राइव्हला न्या, घासाघीस करा, फसवणुकीपासून सावध राहा. वयस्कर जोडप्याला, देश सोडून निघालेल्या कुटुंबाला किंवा वडील गेल्यावर त्यांच्या गाडीचे काय करावे हे न सुचणाऱ्या मुलांना हे नको वाटते. गाडी बंद पडलेली असेल तर गिऱ्हाईकही मिळत नाही. अशा वेळी एका फोनवर ट्रक येतो, आणि जे पैसे एरवी संस्थेला कधीच मिळाले नसते, त्यातले काही तरी मिळतात. अमेरिकेतील सार्वजनिक रेडिओ केंद्रांनी आणि ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’सारख्या घरे बांधणाऱ्या संस्थेने गाड्यांच्या दानाचे कार्यक्रम चालवले आहेत. या मार्गाला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल.

पण आलिशान गाडीची गोष्ट वेगळी आहे. दान आलेल्या बहुतेक गाड्या मध्यस्थ कंपन्यांमार्फत घाऊक लिलावात जातात. तेथे बोली लावणारे असतात व्यापारी. गाडी पुढे विकून नफा कमवायचा, म्हणून ते किरकोळ बाजारापेक्षा बरीच कमी बोली लावतात. महागड्या गाडीबाबत तर ते आणखी हात आखडता घेतात, कारण एअर सस्पेन्शन किंवा गिअरबॉक्समध्ये दोष निघाला तर दुरुस्तीतच नफा जातो. आलेल्या रकमेतून मध्यस्थाचा वाटा वजा होतो, आणि उरते ते संस्थेचे.

एक ढोबळ हिशेब मांडून पाहू. आकडे गृहीत धरलेले आहेत. समजा, तुम्ही स्वतः विकली तर गाडीचे २० हजार डॉलर येतील आणि लिलावात १४ हजार. मध्यस्थाने चौथा हिस्सा घेतला तर संस्थेला मिळाले साडेदहा हजार. तुम्ही २४ टक्क्यांच्या करटप्प्यात असाल आणि वजावटी तपशीलवार दाखवत असाल, तर १४ हजारांवर तुमचा सुमारे ३,३६० डॉलर कर वाचला. आता तीच गाडी स्वतः विकून वीसच्या वीस हजार संस्थेला दिले, तर संस्थेला जवळजवळ दुप्पट पैसे मिळाले आणि तुमचा कर वाचला सुमारे ४,८०० डॉलर. खरेदीपेक्षा कमी किमतीला विकलेल्या घरच्या गाडीवर नफाच नसतो, त्यामुळे त्याचा करही नाही. थोडी दगदग सोसली, तर देणारा आणि घेणारा दोघेही फायद्यात.

शिवाय बहुसंख्य अमेरिकी करदाते प्रमाणित वजावट घेतात, म्हणजे गाडीच्या दानाची सवलत त्यांना मिळतच नाही. २०२६पासून अशांनाही एकट्याला १ हजार आणि जोडप्याला २ हजार डॉलरपर्यंत दानाची वजावट मिळू लागली आहे, पण ती फक्त रोख देणगीवर. वस्तूच्या दानावर नाही.

तिसरा मार्ग म्हणजे संस्थेने गाडी न विकता वापरणे. कायदाही त्याचा मान राखतो. संस्थेने गाडी गरजूंच्या घरी रोज जेवण पोहोचवायला वर्षभर वापरली, किंवा गरजू कुटुंबाला बाजारभावापेक्षा खूप कमी किमतीत दिली, तर दात्याला पूर्ण बाजारभावाची वजावट मिळू शकते. हे खरे सत्पात्री दान. मात्र त्यासाठी लागते साधी, कमी खर्चाची, कुठल्याही गॅरेजात दुरुस्त होणारी गाडी. नोकरीवर पोहोचण्यासाठी धडपडणाऱ्या एकट्या आईला जुनी बीएमडब्ल्यू दिली, तर महागडे पेट्रोल, टायर, विमा आणि सुट्या भागांचे बिल पाहून तिला नाकापेक्षा मोती जड होईल.

आलिशान गाडीच्या दानाने मोठे काम झाल्याची उदाहरणेही आहेत, आणि त्यातले एक मुंबईचे आहे. १९६४च्या डिसेंबरमध्ये पोप सहावे पॉल मुंबईत आले होते. परत जाताना त्यांनी आपल्या वापरातली लिंकन गाडी मदर तेरेसांना दिली. मदर तेरेसांनी ती वापरली नाही. त्यांनी तिची सोडत काढली आणि आलेला पैसा कुष्ठरुग्णांच्या शांतिनगर वसाहतीच्या कामी लावला. पोप फ्रान्सिस यांना २०१७मध्ये मिळालेली लॅम्बोर्गिनी पुढच्या वर्षी लिलावात ७ लाख युरोंहून अधिक किमतीला गेली, आणि त्यातला एक वाटा इराकमधील निनवेच्या विस्थापितांसाठी ठेवलेला होता. दोन्ही वेळा गाडीचा पैसाच झाला. फरक इतकाच, की त्या गाड्यांमागे एक नाव होते आणि त्या नावाने किंमत वाढवली. आपल्या गाडीला असे वलय नसते.

भारतात तर उत्तर आणखी सोपे आहे. ८०जी नावाने ओळखली जाणारी सवलत फक्त पैशांच्या देणगीला मिळते, वस्तूला नाही. त्यातच सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केले, की अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव मालक म्हणून असेल त्याची. म्हणून पुण्यातल्या कुणी संस्थेला गाडी दिलीच, तर किल्लीबरोबर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून नोंदणी बदलली की नाही, हे शेवटपर्यंत पाहावे. अमेरिकेतही टायटल संस्थेच्या नावावर होईपर्यंत आणि मोटार विभागाला कळवेपर्यंत हात झटकू नयेत.

दोन्ही बाजू तोलून आमचे मत असे. गाडी चालू आणि चांगल्या स्थितीत असेल, तर स्वतः विका आणि पैसे द्या. गाडी साधी असेल आणि संस्था ती खरोखर वापरणार असेल किंवा गरजूला देणार असेल, तर गाडीच द्या. गाडी बंद पडलेली असेल किंवा विकण्याचे बळच नसेल, तर ट्रक बोलवा, पण आधी संस्थेला दोन प्रश्न विचारा: गाडीचे तुम्ही काय करणार, आणि शंभर डॉलर आले तर त्यातले तुमच्या कामापर्यंत किती पोहोचणार? सरळ उत्तर देणारी संस्था निवडा. टाळाटाळ झाली, तर दुसरी संस्था शोधा.