टोपडे

शेजारच्या वहिनींच्या सूनबाईंचे गर्भजल सोमवारी तपासायला गेले आणि बुधवारी निकाल हाती! वहिनींचा विश्वासच बसेना.

पूर्वी यासाठी दोन-तीन आठवडे जीव मुठीत धरून बसावे लागे. सुईने काढलेल्या पाण्यात बाळाच्या पेशी थोड्याच. त्या प्रयोगशाळेत वाढवायच्या, मग सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे मोजायची. १९६६ च्या सुमारास हे प्रथम साधले. झटपट तपासणीत पेशी वाढवीत बसत नाहीत. २१, १८ आणि १३ या गुणसूत्रांवरील ठराविक खुणांच्या यंत्रात असंख्य प्रती काढतात आणि प्रमाण दोनांचे आहे की तीनांचे, ते पाहतात. २१ वे गुणसूत्र तीनदा आढळले, तर डाउन सिंड्रोम.

"म्हणजे बाळ अगदी ठणठणीत, नाही का हो?" वहिनींनी विचारले.

इथेच घोटाळा होतो. बहुतेक गुणसूत्रांकडे या तपासणीने पाहिलेलेच नसते. हृदयाला छिद्र आहे का, हे तर तिला कळतच नाही. म्हणून सोनोग्राफी चुकत नाही. (मुलगा की मुलगी, हे मात्र विचारू नका. १९९४ च्या कायद्याने ते सांगायला बंदी आहे.) आणि निकाल वाईट आलाच, तर यंत्राने दोन दिवस घेतले म्हणून सुनेकडून उत्तरही दोन दिवसांत मागू नये. तज्ज्ञ समुपदेशकाला भेटावे, तिला रडू द्यावे, विचारू द्यावे.

वहिनी पेढे वाटत होत्या. सूनबाई खिडकीशी बसली होती. सुई टोचली त्या दिवशी बाजूला ठेवलेले अर्धे टोपडे तिने पुन्हा विणायला घेतले होते.