आधी माप, मग नाव

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

मोटारीच्या टायरवर लेख देणार आहे असे सांगितले तेव्हा वर्गातल्या मैत्रिणी हसल्या. "अगं, वार्षिकांकात एखादी कविता दे, नाहीतर पावसावर काहीतरी लिही," असा प्रेमळ सल्लाही मिळाला. कलाशाखेच्या मुलीला टायरशी काय कर्तव्य, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण पावसावर लिहिणारे पुष्कळ आहेत. आणि पावसात ज्या चार गोष्टींवर गाडीचा जीव अवलंबून असतो, त्यांच्याविषयी मला दोन शब्द सांगायचे आहेत.

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, पुणे-सातारा रस्त्यावर टायरचे दुकान चालवतात. दुकान म्हणजे पत्र्याची एक शेड, हवेचा कॉम्प्रेसर, पंक्चर शोधायला पाण्याचे घमेले, जॅक, पाने, दोन टॉम्या आणि एक घण. अण्णांचे शिक्षण चौथीपर्यंत. कॉलेजचा उंबरा ओलांडणारी आमच्या घरातली मी पहिली. अकरावीला प्रवेश घेताना अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी नुसते 'व्यापार' असे लिहिले होते. ते का लिहिले हे वाचकांना सांगण्याची गरज नाही.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी दीडच्या सुमारास एका टेम्पोमागे दोर बांधून ओढत आणलेली एक गाडी दुकानासमोर थांबली. गर्द हिरवी, बुटकी, लांब नाकाची, तारांच्या चाकांची. अण्णा हात पुसत उठले आणि गाडीभोवती एक फेरी मारून आले. ती एम. जी. बी. जी. टी. होती. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डन गावच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात एम. जी. बी. गाड्या बनत होत्या. पाच लाखांहून अधिक बनल्या. त्यातली ही टपाची जात १९६५ साली निघाली. हे सारे मला तेव्हा ठाऊक नव्हते. नंतर वाचून काढले.

गाडीचे मालक निवृत्त गृहस्थ होते. सोबत पत्नी आणि सात-आठ वर्षांची नात. खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडे येताना मागच्या डाव्या टायरची वरची नक्षी साल सोलावी तशी निघून आली होती. गाडी दोनदा हेलकावली आणि नशिबाने कडेच्या मातीत जाऊन थांबली. मुलगी अजून आजीचा पदर सोडत नव्हती.

"मिस्त्री, टायर नवा आहे हो! नक्षी बघा ना. चार हजार किलोमीटरसुद्धा पळाला नसेल. आणि कंपनी साधीसुधी नाही, मुद्दाम ओळखीतून बाहेरून मागवलेत चारही."

अण्णांनी टायरच्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि मला हाक मारली. "ताई, हितं बारीक आकडं हायती, वाच बरं."

मी वाचले : दोन, तीन, शून्य, नऊ.

"साहेब, दोन हजार नऊ सालचा तेविसावा आठवडा. टायर पळून झिजतो तसा बसूनबी म्हातारा होतो. तुमचा टायर झिजला न्हाई, म्हातारा झालाय."

साहेब गप्प झाले. मग म्हणाले, "पण हे मला कुणी सांगितलेच नाही." ते खरेच होते. विकणाऱ्याने कंपनीचे नाव सांगितले होते, रुंदी सांगितली होती, किंमत तर सांगितलीच होती. जन्मसाल तेवढे सांगायचे राहिले.

त्या दुपारनंतर मी या विषयावर मिळेल ते वाचले आणि माझे एक ठाम मत झाले. जुन्या स्पोर्ट्स गाडीला टायर निवडताना आधी माप पाहावे, मग वय, मग बांधणी आणि सर्वांत शेवटी कंपनीचे नाव. बहुतेक शौकीन लोक नेमका उलटा क्रम धरतात आणि तिथेच फसतात.

मापापासून सुरुवात करू. या जी. टी. गाडीचे मूळ रेडियल माप १६५ आर १४. म्हणजे टायरची रुंदी १६५ मिलिमीटर आणि रिम १४ इंचांची. जुन्या मापांत दुसरा आकडा नसतो. तेव्हा टायरची उंची रुंदीच्या साधारण ८० ते ८२ टक्के धरायची. आता हिशेब करा. १६५चे ८० टक्के म्हणजे १३२. वर-खाली मिळून २६४. त्यात १४ इंचांचे ३५६ मिलिमीटर मिळवले की चाकाची उंची सुमारे ६२ सेंटिमीटर होते. साहेबांनी बसवलेले टायर होते १९५/६० आर १४. त्यांची उंची तशीच काढली तर ५९ सेंटिमीटर येते. तीन सेंटिमीटरने काय बिघडते, असे कुणी विचारील. पाच टक्के बिघडते. काटा शंभर दाखवतो तेव्हा गाडी पंच्याण्णवने धावत असते, आणि तेवढ्याच वेगासाठी इंजिनाला जास्त फेरे मारावे लागतात.

रुंद टायर म्हणजे चांगली पकड, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. नव्या गाडीपुरती ती काही अंशी खरी असेलही. पण या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही; रुंद टायर घातला की उभ्या गाडीचे चाक वळवताना खांदे भरून येतात. मागे साधे पाटे आहेत, आणि तिथे रुंद टायर मडगार्डला घासू लागतो. तारांच्या चाकाची रिम जेमतेम साडेचार इंचांची. अशा अरुंद रिमवर रुंद टायर नीट बसत नाही, बाजूला कलतो. त्या काळच्या अभियंत्यांनी ही गाडी अरुंद टायरवरच बेतली होती. टायर हळूहळू सुटू लागतो, चालवणाऱ्याला आधी इशारा देतो, हाच त्या गाडीचा स्वभाव आणि हीच तिची मजा. माप बदलणे म्हणजे तो स्वभाव बदलणे.

दुसरी गोष्ट वयाची. माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. हवा, ऊन आणि उष्णता यांनी रबर कडक होत जाते, त्याला बारीक चिरा पडतात आणि आतल्या थरांची पकड सुटते. वरून मात्र नक्षी शाबूत दिसते. रोजची गाडी टायर झिजवते, म्हणून टायर म्हातारा होण्याआधीच बदलला जातो. शौकाची गाडी वर्षाला हजार किलोमीटरही धावत नाही. तिचा टायर गोटा होतच नाही, तेव्हा बदलण्याचा प्रश्नच कुणाला पडत नाही. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी काढावा, असे अनेक टायर कंपन्या स्वतःच सांगतात. टायरवरचे शेवटचे चार आकडे त्यासाठीच असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. तिथे तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा. त्याला हात जोडावेत.

हे काही उगाच घाबरवणे नव्हे. १० सप्टेंबर २०१२ रोजी इंग्लंडच्या सरे परगण्यात एका संगीत महोत्सवाहून परतणारी बस टायर फुटल्याने रस्ता सोडून झाडावर आदळली. तीन माणसे गेली. पुढच्या चाकाचा तो टायर एकोणीस वर्षांचा होता आणि कायद्याला हवी तेवढी नक्षी त्याच्यावर होती. मृतांपैकी एका तरुणाच्या आईने हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे बस आणि मालगाड्यांच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुना टायर वापरण्यास बंदी आली. नक्षी म्हणजे आयुष्य नव्हे, हे कळायला तीन जीव आणि आठ वर्षे लागली.

तिसरी गोष्ट बांधणीची. आपल्याकडे दुकानात ज्याला 'नायलॉन' म्हणतात त्या टायरमधले धागे तिरपे, एकमेकांवर फुली मारल्यासारखे असतात. रेडियलचे धागे सरळ आडवे असतात आणि नक्षीखाली पट्टा असतो. मिशेलिन कंपनीने १९४६ साली त्याचे पेटंट घेतले. पिरेलीच्या 'सिंतुरातो' या गाजलेल्या टायरच्या नावाचा अर्थच मुळी 'पट्टा बांधलेला' असा आहे. दोन्ही जातींचे टायर वळणावर निरनिराळे वागतात. म्हणून पुढे रेडियल आणि मागे नायलॉन असा संसार कधीही मांडू नये. चारही एका जातीचे असावेत.

आता राहिले नाव. नावाला काहीच किंमत नाही असे मी म्हणणार नाही. मिशेलिन, पिरेली यांसारख्या कंपन्या जुन्या गाड्यांसाठी जुन्याच मापाचे आणि जुन्याच नक्षीचे टायर नव्याने तयार करतात. ज्यांना परवडते, ज्यांची गाडी प्रदर्शनात उभी राहणार आहे, त्यांनी ते जरूर मागवावेत. त्या काळच्या गाडीला त्या काळचे रूप शोभते, हे मला मान्य आहे. पण तेही नवे आहेत म्हणून चांगले, केवळ नामांकित आहेत म्हणून नव्हे. नामांकित कंपनीचा पंधरा वर्षे पडून राहिलेला टायर घेण्यापेक्षा साध्या कंपनीचा याच वर्षीचा टायर घेणे शहाणपणाचे.

अण्णांनी त्या दिवशी नेमके तेच केले. दुकानाच्या मागच्या बाजूला टॅक्सीवाल्यांसाठी ठेवलेले टायर होते : १६५/८० आर १४, स्विफ्ट आणि डिझायरच्या काही गाड्यांना लागतात ते. आपल्याच देशात बनलेले, तीन महिन्यांपूर्वीचे, ताशी १९० किलोमीटरपर्यंतच्या वेगाचे. एम. जी. बी. जास्तीत जास्त १६५च्या आसपास जाते.

"टॅक्सीचे टायर? एम. जी.ला?" साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"गाडीला ठावं नसतं साहेब, टायर कुणाच्या नावाचा हाय. माप तिचंच हाय."

चारही चाके उतरली. तारांच्या चाकात आऱ्यांची टोके आत येतात आणि तिथून हवा झिरपते, म्हणून आत ट्यूब लागतेच. अण्णांनी प्रत्येक टायरच्या आतून तळहात फिरवला. कागदाची एक चिकटपट्टी सापडली ती खरवडून काढली. ती राहिली असती तर घासून घासून ट्यूब गेली असती. मग शंखजिऱ्याची पावडर लावून ट्यूब बसवली. संध्याकाळी गाडी निघाली. दोन दिवसांनी साहेबांचा फोन आला : स्टिअरिंग इतके हलके झाले आहे की गाडी आपलीच वाटत नाही.

मला राहून राहून वाटते की हा प्रश्न टायरपुरता नाही. आपण कॉलेज निवडतो ते नावावरून, पुस्तक घेतो ते नावावरून आणि माणसाची ओळख करून घेतो तीही नावावरून, बहुधा आडनावासकट. तो काय मापाचा आहे, त्याचे ज्ञान ताजे आहे की पंधरा वर्षे कपाटात पडलेले, हे बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ते वाचायला वाकावे लागते, अंगठ्याने धूळ पुसावी लागते. चौथी शिकलेल्या माणसाला ती सवय आहे. आम्हा पदवीच्या विद्यार्थ्यांना ती कितपत आहे, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

तर मित्रहो, घरी गेल्यावर आपल्या गाडीचे, निदान वडिलांच्या स्कूटरचे, ते चार आकडे एकदा वाचून पाहा. आणि जुन्या सुंदर गाडीचे भाग्य कुणाला लाभले, तर टायर घेताना नाव विचारण्याआधी जन्मसाल विचारा. गाडी कितीही देखणी असली तरी ती रस्त्याला टेकते तळहाताएवढ्या चारच जागांवर.

पुढच्या महिन्यात तृतीय वर्षाचा अर्ज भरायचा आहे. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात या वेळी मी 'टायर मिस्त्री' असे लिहिणार आहे.