खिशातलं नको, अंदाजपत्रकातलं मागा
कोल्हापूर शहरातील नागरिकांना जाहीर आवाहन

समस्त कोल्हापूरकर बंधू-भगिनींनो, तालमींच्या कार्यकर्त्यांनो, आजी-माजी खेळाडूंनो, हौशी रंगकर्मींनो, बचत गटातल्या ताई-मावश्यांनो,

महापालिकेत पुन्हा नगरसेवक आले. आधीच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं, ८१ जण निवडून आले. पूर्वी एका प्रभागाला एक नगरसेवक असायचा, आता बहुतेक ठिकाणी चार आहेत. गुलाल उधळून झाला, जेवणावळी झाल्या, अभिनंदनाचे फलक लागले आणि उतरलेही. आता कामाचं बोलू.

पण त्यांच्या कामाआधी आपलं काम काढू. आपण नगरसेवकाच्या दारात जातो ते कशासाठी? गणपतीची वर्गणी, संघाला किट, चषकाच्या बक्षिसाची रक्कम, मिरवणुकीच्या डॉल्बीचं भाडं, देवदर्शनाची बस, हळदी-कुंकवाला द्यायचं वाण. तोही देतो. बरेचसे नगरसेवक तालमीतूनच वर आलेले असतात. नाही म्हटलं तर पेठ हातची जाते हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. पैसे कुठून येतात हे मात्र आपण विचारत नाही. जो पाच वर्षं खिशातून देत राहतो तो ते कुठून तरी भरून काढणार, एवढं न समजण्याइतके कोल्हापूरकर भोळे नाहीत. शिवाय एकदा घेतलं की आपलं तोंड बंद. ज्याच्या नावाचा टी-शर्ट घालून आपली पोरं खेळतात, त्याला मैदानात शिरणाऱ्या गटाराच्या पाण्याचा जाब कोण विचारणार?

म्हणून हे आवाहन. नगरसेवकाच्या खिशातलं मागणं बंद करा आणि शहराच्या अंदाजपत्रकातलं मागायला लागा.

नगरसेवकाच्या हातात खरं काय असतं, ते नीट समजून घेऊ. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली. तिच्यात शहरांच्या नगरपालिका-महापालिकांकडे सोपवता येतील असे १८ विषय आहेत. सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता सहाव्या क्रमांकावर, बागा आणि खेळाची मैदानं बाराव्या, सांस्कृतिक उपक्रमांना चालना तेराव्या. तेव्हा नाटक, फुटबॉल आणि डेंग्यू हे तिन्ही महापालिकेचेच विषय आहेत. फरक एका ठिकाणी पडतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात काही कर्तव्यं बंधनकारक आहेत आणि काही ऐच्छिक. साथरोग रोखणं बंधनकारक. बागा, करमणूक, खेळाच्या सोयी यांतलं पुष्कळसं ऐच्छिक, म्हणजे सभागृहाच्या मनात आलं तर होणार, नाही आलं तर राहणार. जिथे कायदा सक्ती करत नाही तिथेच निवडून दिलेल्या माणसाच्या हात वर करण्याला किंमत असते. महासभेतला ठराव, स्थायी समितीतला प्रश्न, अंदाजपत्रकात घातलेलं एक लेखाशीर्ष ही त्याची हत्यारं. सतरंज्या आणि ट्रॉफ्या वाटायला निवडून यावं लागत नाही.

खिशातल्या मदतीचं उदाहरण घ्या: पैलवान खाशाबा जाधवांची गोष्ट आपण छाती फुगवून सांगतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला त्यांना जाता यावं म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. खर्डेकर सरांचे उपकार शहर विसरणार नाही. पण ती गोष्ट ऐकताना कुठेतरी लाजही वाटायला हवी. खेळाडूसाठी एका शिक्षकाला घर गहाण टाकावं लागतं, ही काही व्यवस्था नव्हे. आजही चांगल्या पोराला बाहेरगावी स्पर्धेला पाठवायचं तर पेठेत पावतीपुस्तक फिरतं.

आता नाटकाचं. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेत कुस्तीचं मैदान बांधलं आणि १९१५ साली त्याला लागूनच पॅलेस थिएटर उभं राहिलं. पुढे त्याला केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. एका बाजूला लाल माती, दुसऱ्या बाजूला रंगमंच. शरीर आणि कला यांचा इतका जवळचा शेजार दुसऱ्या शहरात क्वचित सापडेल. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते नाट्यगृह आगीत गेलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री रस्त्यावर उभे राहून रडणारी माणसं आपण पाहिली, त्यांच्यात आपणही होतो. इमारत पुन्हा उभी करण्याचं काम हाती घेतलं गेलं, त्यासाठी सरकारने निधी जाहीर केला, हे चांगलंच झालं. पण तेव्हा महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता हे लक्षात घ्या. विजेच्या तारा शेवटच्या कधी तपासल्या, अग्निशमन यंत्रणा कधी चालवून पाहिली, असे प्रश्न सभागृहात विचारायला सदस्यच नव्हते. आता आहेत. महापालिकेच्या ताब्यातल्या प्रत्येक सभागृहाची, नाट्यगृहाची अग्नितपासणी कोणत्या तारखेला झाली तो कागद दाराशी लावा, अशी मागणी आपल्या नगरसेवकाने पहिल्याच वर्षी करायला हवी. त्याला खर्च काही नाही.

नाटक मात्र मोठ्या रंगमंचावर तयार होत नाही. ते तयार होतं तालमीच्या जागेत, आणि हौशी कलाकारांची सगळी शक्ती ती जागा शोधण्यात जाते. कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या गोडाऊनमध्ये, शेजारी ओरडेपर्यंत तालीम. इकडे महापालिकेच्या शाळा संध्याकाळी कुलूपबंद. आपल्या महापालिकेला शाळा चालवता येत नाहीत असं कुणी म्हणू नये. जरगनगरच्या शाळेत प्रवेशासाठी पालक पाडव्याला रांग लावतात, हे सगळं शहर पाहतं. त्याच शाळांचे वर्ग आणि सभागृहं रात्री सात ते दहा नाटकाला, भजनी मंडळाला, शाहिरीला, मर्दानी खेळाच्या पोरापोरींना का मिळू नयेत? विचारायला गेलं की तीन गोष्टींवर घोडं अडतं: वीजबिल कोण भरणार, रखवालदार कोण थांबणार आणि किल्ली कुणाकडे राहणार. ह्या तिन्हींचं उत्तर एका ठरावात मावतं. नाममात्र भाडं, जबाबदार दोन माणसांची नावं, मोडतोड झाली तर भरपाई. असा ठराव मांडणारा नगरसेवक लाखाचा चषक भरवणाऱ्यापेक्षा संस्कृतीची सेवा जास्त करतो, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मैदानाकडे वळू. मैदानावर एखादं प्रदर्शन किंवा सभा उठली की दुसऱ्या दिवशी पहाटे तिथे जाऊन बघा. मंडपाच्या खांबांचे वीतभर खोल खड्डे, ते बुजवायला टाकलेली खडी, प्लायवूडचे तुकडे, सुतळ्या, आणि मातीत टोक वर करून बसलेले खिळे. सराव सुरू व्हायच्या आधी पोरं ओळीने वाकून खिळे वेचतात. फुटबॉलवेडं शहर म्हणून आपण मिरवतो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं घेतली की पेठापेठांत रक्त सळसळतं. आणि सरावाच्या मैदानाची ही गत.

त्यातही कुठलं मैदान कुणाचं हे माहीत करून घ्या. शाहू स्टेडियम महापालिकेचं नाही, ते कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे आहे; तिथल्या तक्रारी घेऊन नगरसेवकाशी भांडण्यात अर्थ नाही. शिवाजी पेठेतलं गांधी मैदान महापालिकेचं. ते जुन्या वरुणतीर्थ तळ्याच्या जागेवर आहे, म्हणजे सगळ्या बाजूंचं पाणी तिकडेच धाव घेणार. अशा ठिकाणी दर वर्षी मुरमाच्या ट्रॉल्या ओतून काही होत नाही. मुरूम वाहून जातो आणि ठेकेदाराचं बिल तेवढं निघतं. सांडपाणी आणि पावसाचं पाणी बाहेर वळवण्याचं काम जमिनीखाली असतं. त्याचं उद्घाटन करता येत नाही, त्यावर नाव लावता येत नाही, म्हणून ते मागे पडतं. आपण ते मागायचं. शिवाय मैदान भाड्याने देताना अनामत रक्कम घ्या, मैदान होतं तसं समतल करून दिल्याशिवाय ती परत करू नका, आणि वर्षात किती दिवस मैदान खेळाशिवाय इतर कामाला देणार त्याचं वेळापत्रक आधी लावा.

मुलींचं तर कुणी नावच काढत नाही. कपडे बदलायला खोली नाही, स्वच्छतागृह असलं तर त्याला कडी नाही, दिवे सातला बंद. मग आई-बाप मुलीला सरावाला पाठवत नाहीत म्हणून त्यांना दोष द्यायचा. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत या नेमबाजांचे फलक लावायला मात्र आपण एकमेकांच्या पुढे.

ओपन जिमबद्दल एकच वाक्य: बसवण्याची निविदा निघते, देखभालीची निघत नाही.

आरोग्याच्या बाबतीत आपली मागणी बहुधा एकच असते, धूर मारा. फवारणीची गाडी गल्लीतून गेली, पांढरा धूर झाला, नगरसेवकाचा फोटो आला, सगळे खूश. तो धूर फक्त उडणारे डास मारतो. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही, घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. ज्या भागात पाणी एक दिवसाआड येतं तिथे घरोघरी बॅरल भरलेलीच असतात. मोबाईलचा उजेड आत टाका. पाण्यात वळवळणारे केसाएवढे जंतू दिसले, उजेड पडताच खाली बुडी मारू लागले, तर थोड्याच दिवसांत तिथून डास उडणार म्हणून समजा. नुसतं पाणी ओतूनही भागत नाही. अंडी बॅरलच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. कड घासूनच काढावी लागते. म्हणजे डेंग्यूचं मूळ पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकात आहे. तो प्रश्न नगरसेवकाने आरोग्य विभागाच्या जोडीने पाणीपुरवठा विभागालाही विचारायचा असतो.

दवाखान्यांचंही मैदानांसारखंच, कुठला कुणाचा हे आधी माहीत हवं. सीपीआर रुग्णालय राज्य सरकारचं आहे. सावित्रीबाई फुले रुग्णालय, पंचगंगा रुग्णालय, आयसोलेशन आणि नागरी आरोग्य केंद्रं महापालिकेची. तिथे कोणती औषधं शिल्लक आहेत, डॉक्टरांच्या किती जागा रिकाम्या आहेत, हे विचारण्याचा हक्क नगरसेवकाला आहे. सकाळी कामाला जाणाऱ्या बाईला सकाळची ओपीडी काय कामाची? आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी केंद्र उघडं ठेवायला लावा. आणि तालमींना आमचं सांगणं आहे: महिन्यातला एक रविवार आशाताईंना बोलवा. चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि रक्तातली साखर तालमीच्या कट्ट्यावर मोजून होऊ द्या. दवाखान्याची पायरी न चढणारा गडी तालमीत हमखास येतो.

हे होणार नाही असं म्हणणाऱ्यांना इराणी खण दाखवा. पंचगंगेतलं गणेश विसर्जन तिकडे वळेल यावर कुणाचा विश्वास नव्हता. महापालिकेने सोय केली, स्वयंसेवी संस्था उभ्या राहिल्या, मंडळांनी मन मोठं केलं आणि बहुतेक विसर्जन वळलं. डॉल्बीच्या बाबतीत आपण तेवढं मन मोठं केलेलं नाही, हेही इथे सांगितलं पाहिजे. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे. तिच्या कितीतरी पट आवाज आजारी माणसाच्या खिडकीखाली लावून संस्कृती जपली जाते, हा दावा आम्हाला मान्य नाही. नगरसेवकाने पोलिसांना फोन करून मंडळ सोडवावं, ही मागणीही खिशातल्या मागणीइतकीच चुकीची.

आता करायचं काय, तर तालमीच्या, अपार्टमेंटच्या, बचत गटाच्या माणसांनी एकत्र बसून आपल्या प्रभागाच्या तीनच मागण्या ठरवा: एक सांस्कृतिक, एक खेळाची, एक आरोग्याची. पंचवीस मागण्यांचं पत्र फाईलला लागतं. चार नगरसेवक असले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, म्हणून चौघांना एकाच वेळी, एकच पत्र द्या आणि चौघांच्या सह्या घ्या. पक्ष वेगळे असतील तर उत्तमच. त्याची प्रत आपल्या विभागीय कार्यालयात द्या; गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट यांपैकी तुमचं जे असेल तिथे. प्रभाग समितीवर स्वयंसेवी आणि वस्ती पातळीवरच्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेण्याची कायद्यात तरतूद आहे. त्या जागांवर कुणाच्या मेहुण्याची वर्णी लागण्याआधी खेळाडूचं, रंगकर्मीचं, आशाताईंच्या कामाची माहिती असलेल्या बाईचं नाव पुढे करा. अंदाजपत्रक ३१ मार्चपूर्वी मंजूर होतं. तेव्हा फेब्रुवारीत धावाधाव करण्यापेक्षा गणपतीआधीच पत्र तयार ठेवा.

यंदाच्या गणपतीला नगरसेवकाकडे वर्गणीची पावती फाडायला जाणार असाल, तर पावतीपुस्तक घरी ठेवा आणि तीन मागण्यांचं ते पत्र घेऊन जा. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. आणि महासभेच्या दिवशी प्रत्येक प्रभागातून निदान दोघांनी प्रेक्षक कक्षात येऊन बसा.

आपले,
शहरातील काही रहिवासी