चार्ज न होणारा पहारेकरी

नंदुरबार, शहादा, तळोदा यांसारख्या गावांतील घरात आई-वडील दोघेच राहतात आणि मुले नोकरीनिमित्त पुणे, नाशिक अथवा सुरतेत असतात, हे चित्र आता नवे राहिलेले नाही. अशा घरांच्या दारावर गेल्या काही वर्षांत एक छोटा कॅमेरा येऊन बसला आहे. त्याला भिंत फोडून वायर ओढावी लागत नाही. तो बॅटरीवर चालतो, सोबत हातभर लांबीचे सौर पॅनेल असते आणि शेकडो किलोमीटरवरून मोबाइलवर अंगण दिसते. परंतु एखाद्या दिवशी मोबाइलवरचे चित्र गोठते. कॅमेरा उतरवून चार्जिंगला लावला, तरी बॅटरीचा आकडा हलत नाही.

वरकरणी ही एका घराची किरकोळ तक्रार वाटते. मात्र तुटलेले कुलूप डोळ्यांना दिसते, बंद पडलेला कॅमेरा दिसत नाही. तो भिंतीवर जसाच्या तसा असतो आणि घरचे लोक त्याच्या भरवशावर निर्धास्त झोपतात. पहारेकरीच नसेल तर माणूस सावध राहतो. झोपलेल्या पहारेकऱ्यामुळे तो गाफील होतो. त्यामुळेच हा कॅमेरा चार्ज का होत नाही, याचा विचार गांभीर्याने करायला हवा.

असे उपकरण बंद पडले की ‘माल हलका निघाला’ असा निष्कर्ष लगेच काढला जातो. तो दर वेळी बरोबर असतोच असे नाही. अनेकदा बिघाड कॅमेऱ्याच्या बाहेर असतो. मूळ केबल हरवल्यावर घरातील कोणतीही जुनी केबल वापरली जाते. लांब व बारीक तारेच्या केबलमध्ये विजेचा दाब वाटेतच घटतो. जुन्या मोबाइलचा अडॅप्टर अर्धा किंवा एक अँपिअरचा असतो, तर कॅमेऱ्याला बहुधा त्याहून अधिक प्रवाह लागतो. याउलटही घडते. नव्या वेगवान चार्जरची दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली, तर काही स्वस्त उपकरणांची त्या चार्जरला ओळखच पटत नाही आणि तो वीज सोडत नाही. तेथे साधा चौकोनी यूएसबीचा चार्जर व त्याची केबल लावताच काम होते. पावसाळ्यात ओल आणि उन्हाळ्यात धूळ शिरून चार्जिंगचे छिद्र बुजते, हे तर नेहमीचेच.

दुसरे कारण उन्हाचे. लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे शून्य ते ४५ अंश सेल्सिअस या मर्यादेतच सुरक्षितपणे चार्ज होते. ही मर्यादा ओलांडली की आतील संरक्षक यंत्रणा चार्जिंग रोखते. नंदुरबार जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत हवेचेच तापमान चाळिशीपार जाते. पश्चिमेच्या भिंतीवर, पत्र्याखाली बसवलेल्या कॅमेऱ्याचे अंग त्याहून कितीतरी अधिक तापते. म्हणजे ऊन सर्वाधिक असते नेमक्या त्याच वेळी बॅटरी ते घेण्यास नकार देते. याला बिघाड म्हणता येणार नाही. बॅटरी पेट घेऊ नये म्हणून केलेली ती योजनाच आहे. कॅमेरा सावलीत आणि पॅनेल उन्हात, हा त्यावरचा साधा उपाय. पण उपकरणासोबतच्या बारीक अक्षरांतील पत्रकात तो मराठीत क्वचितच सापडतो.

तिसरे कारण हिशेबाचे. समजा, बॅटरी १०,००० मिलीअँपिअर-तासांची आहे. ३.७ व्होल्टच्या हिशेबाने तिच्यात सुमारे ३७ वॉट-तास ऊर्जा मावते. ५ वॉटच्या पॅनेलला रोज चार-पाच तास चांगले ऊन मिळाले, तर कागदावर २० ते २५ वॉट-तास जमा होतात. धूळ, उष्णता, चुकलेली दिशा यांची वजावट केली की हाती बरेच कमी उरते. कॅमेरा हालचाल जाणवल्यावरच जागा होत असेल, तर एवढे पुरते. पण तो अखंड चित्रण करू लागला आणि सरासरी २ वॉट खर्च करू लागला, तर त्याला दिवसाला ४८ वॉट-तास लागतील. मग जमेपेक्षा खर्चच अधिक. रहदारीच्या रस्त्याकडे तोंड असेल, तर प्रत्येक दुचाकीसरशी तो जागा होतो. मोबाइलची रेंज क्षीण असेल, तर संदेश पोहोचवण्यासाठी त्याला जास्त शक्ती खर्चावी लागते. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या वस्त्यांमध्ये ही अडचण ठळक होते. घरमालकाला वाटते, कॅमेरा चार्ज होत नाही; वास्तविक तो चार्ज होतो, परंतु मिळालेले सारे त्याच दिवशी उधळून बसतो. पावसाळ्यात आठवडा-आठवडा ऊन पडले नाही, तर हे गणित आणखी बिघडते.

म्हणूनच तपासाला क्रम हवा. प्रथम कॅमेरा घरात, सावलीत आणून योग्य अडॅप्टरवर सहा-आठ तास ठेवावा. बॅटरी पूर्ण रिकामी झाली असेल, तर ती सुरुवातीला अगदी संथपणे वीज घेते. अर्ध्या तासात निराश होण्याचे कारण नाही. तो चार्ज झाला, तर दोष पॅनेलचा, त्याच्या जोडणीचा किंवा जागेचा समजावा. नंदुरबार सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून साधारण तेवढेच कललेले असावे. वळचणीची हातभर सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडली, तरी उत्पादन मोठ्या प्रमाणात घटते. घरातही तो चार्ज झाला नाही, तर केबल आणि अडॅप्टर बदलून पाहावे. त्यानंतरच बॅटरीवर संशय घ्यावा. ती फुगलेली दिसली, तर मात्र एकही प्रयोग करू नये. तिला टोचणे, दाबणे, पुन्हा चार्जिंगला लावणे किंवा कचऱ्यात टाकणे म्हणजे आगीला आमंत्रण.

खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. बॅटरी गेली, तर ती बदलायची कोणी? अनेक कॅमेऱ्यांत ती आतच बंदिस्त असते. उपकरण ऑनलाइन मागवलेले, दुरुस्ती केंद्र दूरच्या महानगरात आणि सदोष लिथियम बॅटरी कुरिअरने पाठवण्यावर निर्बंध. गावातील मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे हात आहे, पण सुटे भाग व नकाशे नाहीत. परिणामी, शे-दोनशे रुपयांच्या घटकासाठी हजारोंचे यंत्र अडगळीत जाते.

नंदुरबारला हा अनुभव अपरिचित नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील दुर्गम पाड्यांवर वीजवाहिनीआधी सौर दिवे पोहोचले. सप्टेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या ‘सौभाग्य’ योजनेत दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॉटचे सौर संच, पाच एलईडी दिवे, एक पंखा आणि पाच वर्षांची देखभाल अशी तरतूद होती. योजनेच्या पहिल्या दोन वर्षांत बसवलेल्या संचांची ती मुदत आता उलटून गेली आहे. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते, बॅटरी त्याच्या काही अंशच. देखभालीची मुदत संपणे आणि बॅटरी थकणे या दोन गोष्टी जवळपास एकाच सुमारास घडतात. शहरातील कॅमेरा आणि पाड्यावरील दिवा यांची किंमत निराळी, दुखणे मात्र एकच.

याच जिल्ह्यात याहून वेगळे उदाहरणही घडले होते. अक्राणी तालुक्यातील बिलगाव येथे २००३ मध्ये लोकांच्या श्रमदानातून १५ किलोवॉटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. पुढे तो सरदार सरोवराच्या पाण्यात गेला. पण जे यंत्र गावाने उभारले, त्याचा दोष शोधणारी माणसेही गावातच तयार होतात, हा त्याचा धडा पाण्यात जाण्याचे कारण नाही.

कायदे पुरेसे आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करू शकतो. विक्रेत्याच्या शहरात जाण्याची गरज नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर उपलब्ध आहे. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी नव्या सुरक्षा कसोट्या बंधनकारक झाल्या. त्यांचा भर चित्र व माहिती परक्या हाती जाऊ नये यावर आहे आणि तो योग्यच आहे. पण मे महिन्याच्या नंदुरबारी उन्हात हा कॅमेरा चार्ज होईल काय, याचे उत्तर त्या कसोट्या देत नाहीत.

ते उत्तर खोक्यावर, मराठीत, ठळक अक्षरांत छापले जायला हवे: किती तापमानापर्यंत चार्ज होतो, किती अँपिअरचा अडॅप्टर लागतो, बॅटरी बदलता येते की नाही आणि किती वर्षे मिळेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये लिथियम बॅटरी व सौर संचांच्या दुरुस्तीचे शिक्षण मिळाले, तर तालुक्याच्या गावातच जाणता हात उपलब्ध होईल. तोवर घराघरांत एक शिस्त पाळणे बरे. आठवड्यातून एकदा कॅमेऱ्यासमोरून चालत जावे आणि मोबाइलवर आपण दिसतो का, ते पाहावे. जो पहारा देतो, त्याच्यावरही कोणाची तरी नजर असावी लागते.