आफ्रिकेतील आरोग्य कर्मचाऱ्यांचे दूरशिक्षण

आफ्रिकेतील आरोग्य कर्मचाऱ्यांचे दूरशिक्षण म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांतील परिचारिका, सुईणी, वैद्यकीय साहाय्यक व ग्रामीण आरोग्यसेविका यांना कामाचे ठिकाण न सोडता दिले जाणारे शिक्षण होय. त्यासाठी पुरविली जाणारी पुस्तके, नियतकालिके व डिजिटल साधने यांचाही त्यात समावेश होतो. या विषयाची चर्चा बहुधा उपग्रह, संगणक आणि भ्रमणध्वनी यांच्या अंगाने होते. प्रत्यक्षात अशा शिक्षणाचे यश शिकणाऱ्याला मिळणारा वेळ, शुल्काचा भार आणि मिळालेल्या पात्रतेला वेतन व नेमणुकीत मिळणारे स्थान यांवर अधिक अवलंबून राहिले आहे.

पार्श्वभूमी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वार्षिक अहवालानुसार जगातील एकूण रोगभारापैकी २४ टक्क्यांहून अधिक भार आफ्रिका विभागावर होता, मात्र जगातील आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी केवळ ३ टक्के तेथे होते. मनुष्यबळाची तीव्र टंचाई असलेल्या ५७ देशांपैकी ३६ देश याच भागातील होते. संघटनेच्या आफ्रिका विभागातील ४७ देशांच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर हजार लोकसंख्येमागे डॉक्टर, परिचारिका व सुईणी मिळून १.५५ एवढेच प्रमाण आढळले. आवश्यक प्रमाण ४.४५ मानले जाते. ज्या दवाखान्यात एकच परिचारिका आहे, तेथून तिला उच्च शिक्षणासाठी शहरात पाठवायचे तर दवाखानाच बंद ठेवावा लागतो. दूरशिक्षणाची गरज या अडचणीतून निर्माण झाली.

माहिती पोहोचविण्याचे प्रयत्न

अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ बर्नार्ड लाऊन यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘सॅटेललाइफ’ ही संस्था स्थापन केली. पृथ्वीजवळून फिरणारा एक छोटा उपग्रह दिवसातून काही वेळा आफ्रिकेवरून जाई व तेवढ्या अवधीत भूकेंद्रांतील संगणकांशी संदेशांची देवाणघेवाण करी. दूरध्वनीची तार भरवशाची नसलेल्या ठिकाणच्या डॉक्टरांना या मार्गाने वैद्यकीय माहिती मिळू लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथालयाने याहून साधा उपाय योजला. निळ्या रंगाच्या पत्र्याच्या ट्रंकेत शंभराहून अधिक पुस्तके भरून ती जिल्हा रुग्णालयांना पाठविण्यात आली. तिला वीज लागत नव्हती, हा तिचा मोठाच गुण होता. जानेवारी २००२ मध्ये ‘हिनारी’ हा उपक्रम सुरू झाला. त्याद्वारे सहा मोठ्या प्रकाशकांनी सुमारे १५०० वैद्यकीय नियतकालिके गरीब देशांतील संस्थांना विनामूल्य वा अल्प दरात खुली केली. संशोधक व वैद्यकीय महाविद्यालये यांना त्याचा मोठा लाभ झाला. अर्भकाला कोणती मात्रा द्यावी असा प्रश्न पडलेल्या खेड्यातील परिचारिकेला मात्र संशोधन निबंधापेक्षा सोप्या भाषेतील मार्गदर्शिका अधिक उपयोगी असते.

केन्यातील प्रयोग

माहिती पुरविण्यापलीकडे जाऊन रीतसर पात्रता देणारा मोठा प्रयोग केन्यात झाला. तेथील परिचारिकांमध्ये ‘एनरोल्ड नर्स’ या प्रमाणपत्रधारकांची संख्या सर्वाधिक होती. ग्रामीण केंद्रांत डॉक्टर नसल्याने रोगनिदानापासून प्रसूतीपर्यंतची कामे त्यांच्यावरच पडत. त्यांपैकी अनेकींचे प्रशिक्षण एचआयव्हीची साथ पसरण्यापूर्वी झाले होते. या परिचारिकांना नोंदणीकृत परिचारिकेची पदविका मिळावी यासाठी देशाची परिचर्या परिषद, नैरोबीस्थित ‘ॲमरेफ’ ही संस्था आणि ‘ॲक्सेंचर’ ही कंपनी यांनी २००५ मध्ये संगणकाधारित अभ्यासक्रम सुरू केला. पाच वर्षांत सुमारे २२,००० परिचारिकांना पदविका देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. परिचर्या विद्यालये व रुग्णालये यांत संगणक केंद्रे उघडण्यात आली. परिचारिका नोकरी सांभाळून अभ्यास करीत आणि प्रात्यक्षिके अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली पूर्ण करीत.

परिषद स्वतः सहभागी असल्याने येथे मिळणारी पदविका वर्गात मिळणाऱ्या पदविकेच्या तोडीची ठरली, आणि हेच या प्रयोगाचे खरे बळ होते. तरीही ठरलेल्या मुदतीत उद्दिष्ट गाठता आले नाही. शुल्काचा भार बहुतांशी परिचारिकांनाच उचलावा लागे आणि अभ्यासासाठी पाळीनंतरचाच वेळ उरत असे. अनेकींना केंद्रापर्यंतचा प्रवासही पदरमोड करूनच करावा लागे.

इथियोपियातील छापील अभ्यासक्रम

इथियोपियाने २००३ पासून दहावी उत्तीर्ण स्त्रियांना सुमारे वर्षभराचे प्रशिक्षण देऊन पगारी आरोग्यसेविका म्हणून नेमण्यास सुरुवात केली. प्रत्येक आरोग्य चौकीत दोन, याप्रमाणे त्यांची संख्या ३०,००० च्या वर गेली. त्यांच्या पुढील शिक्षणासाठी आरोग्य मंत्रालय, ब्रिटनमधील ओपन युनिव्हर्सिटी, युनिसेफ व ॲमरेफ यांनी मिळून ‘हीट’ हा अभ्यासक्रम तयार केला. प्रसूतिपूर्व काळजी, लसीकरण, संसर्गजन्य रोग आदी विषयांचे १३ भाग त्यात आहेत. ते मुक्त परवान्याखाली संकेतस्थळावर उपलब्ध असले, तरी सेविकांसाठी छापील स्वरूपातही तयार करण्यात आले, कारण चौकीत वीज असेलच असे नव्हते. मजकूर इंग्रजीत आहे. इथियोपियात माध्यमिक शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असल्याने तो अगदीच परका नाही, परंतु सेविकेला गावकऱ्यांशी बोलावे लागते ते अम्हारिक, ओरोमो वा तिग्रिन्या भाषेत.

भारताचा सहभाग

राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी २००४ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून ‘पॅन आफ्रिकन ई-नेटवर्क’ उभे राहिले व फेब्रुवारी २००९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. भारतीय रुग्णालयांतील तज्ज्ञांची व्याख्याने त्यावरून थेट दाखविली जात. प्रत्येक देशात साधारणतः एकच रुग्णालय जोडलेले असल्याने त्याचा फायदा मोठ्या शहरांतील डॉक्टरांपुरता राहण्याचा धोका होता. २०१९ मध्ये ‘ई-विद्याभारती’ व ‘ई-आरोग्यभारती’ या आंतरजालावर आधारित योजना सुरू झाल्या. मात्र आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या अंदाजानुसार २०२४ मध्येही आफ्रिकेतील ३८ टक्के लोकच आंतरजाल वापरत होते.

पात्रता आणि नोकरी

पात्रता वाढली म्हणजे वेतन वा नेमणूक आपोआप मिळते असे नाही. केन्यात २०१३ पासून आरोग्यसेवा काउंटी शासनांकडे गेली आणि परिचारिकांच्या नेमणुका त्यांच्या तिजोरीवर अवलंबून राहू लागल्या. २०१७ मध्ये वेतनाच्या प्रश्नावर तेथील परिचारिकांचा संप जूनपासून नोव्हेंबरपर्यंत चालला. ग्रामीण केंद्रांत मनुष्यबळ अपुरे असतानाच प्रशिक्षित परिचारिका बेरोजगार राहिल्या आणि जुलै २०२१ मध्ये अशा परिचारिकांना ब्रिटनच्या आरोग्यसेवेत काम मिळावे यासाठी केन्या सरकारने ब्रिटनशी करार केला.